नागनिकेचं पहिलं सत्र

फेब्रुवारी आला की जुन्नरकडची पोरं शिवनेरीवरून शिवज्योत घेऊन धावत निघतात, आणि कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धांत ‘महाराज आज असते तर’ हा विषय हमखास असतो. जुन्या माणसाला आपल्या काळात आणून बसवण्याची ही हौस आली कुठून?

1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. त्यांचे महाराज कुळवाड्यांचे राजे होते. 1890 नंतरच्या दशकात टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव उभा केला, तेव्हा ते परक्या सत्तेशी झुंजणारे झाले. दोघांच्या डोळ्यांपुढे आपापला काळ होता. तरी महाराज मात्र सतराव्या शतकातच राहिले. त्यांना थेट आपल्या दारात आणलं ते सिनेमा-नाटकांनी. 2009 च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ या सिनेमात ते मुंबईतल्या खचलेल्या मराठी माणसापुढे उभे राहिले. मला जास्त भिडलं ते 2012 चं नाटक ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. तिथे महाराजांचा वारसा नेमका कुणाचा, हा वाद मोहल्ल्यातलीच माणसं घालतात.

कॉलेजात ही कल्पना अडते ती व्यासपीठावर. स्पर्धेतले महाराज नेहमी प्रमुख पाहुणे असतात. मोबाइलवरून झापतात, व्यसनांवरून झापतात, टाळ्या घेतात आणि जातात. त्यांना कुणी हॉल तिकीट देत नाही. आदर आड येतो म्हणावं, तर तो सोयीचाही आहे: पाहुण्याला उलट प्रश्न विचारावा लागत नाही.

म्हणून बाकावर बसवायला मी दुसरंच माणूस घेतो, तेही याच जुन्नर तालुक्यातलं. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राजघराण्याचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. त्यांत सातकर्णी राजाच्या शेजारी त्याच्या राणीचं, नागनिकेचं नाव आहे. बाजूच्या भिंतींवरचा मोठा ब्राह्मी लेख अभ्यासक बहुधा तिचाच मानतात. वैधव्यात व्रतस्थ राहणारी, महिना महिना उपवास करणारी ही बाई लेखात यज्ञांचा आणि दानांचा चोख हिशेब देते: गाई 1,700, हत्ती 10. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1870 नंतरच्या दशकात या लेखातल्या अंकांचा अभ्यास केला आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला जागा मिळाली.

तिला तालुक्यातल्याच बेल्ह्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात घालायचं. गाव तिला फार परकं वाटणार नाही. कोकणातून माल तिच्या घाटाने जुन्नरला चढायचा. आज कल्याणची वाहनं माळशेज चढून, ओतूर, आळेफाटा, बेल्हे असं करत नगरला जातात. सोमवारी बैलबाजार भरतो. गुरांची मोजदाद तर तिची स्वतःचीच.

अडचण येईल कॉम्प्युटरच्या पहिल्याच तासाला. तिच्या भिंतीवर शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. 1,700 लिहायचे तर हजाराची खूण आणि पुढे सातशेची. इथे फळ्यावर मात्र 0 आणि 1, बस्स. ज्या राणीने अश्वमेधाचा खर्च दगडात उतरवला, तिला शेजारच्या बाकावरच्या, कांद्याच्या हिशेबपट्ट्या वाचत वाढलेल्या मुलीकडून शून्य शिकावं लागेल. मला हे चित्र कुठल्याही भाषणापेक्षा आवडतं. राणीचा मान यात कमी होत नाही. माझ्या मते कॉलेजात आल्याचा अर्थच तो.

आणि ती मुलगी काही नुसतं शिकवून गप्प बसणार नाही. सहलीत तिने नाणेघाट पाहिलेला असतो, तोंडाशीचा तो दगडी रांजणही, ज्यात जकात पडायची असं सांगतात. ती विचारेल, गाई लिहिल्या, हत्ती लिहिले. हा घाट ज्यांनी छिन्नीने फोडला ते किती जण होते, त्यांना रोज काय मिळायचं? लेखात त्यांचा आकडा नाही. नागनिकेला उत्तर द्यावं लागेल, आणि या वेळी तिच्या हाताशी लेखनिक नसेल.