हळद फिक्की नव्हती

बस इथं. मोबाईल आधी खिशात टाक. ते दोन्ही फोटो मी काल मोठ्या पडद्यावर बघितलेत.

'जुन्या कॅमेऱ्याच्या रंगाची सर नव्याला नाही,' असं तू अख्ख्या गावात सांगत सुटलायस म्हणे. एक 2006चा निकॉन डी40, 6 मेगापिक्सेलचा. दुसरा 2017चा डी7500, 20च्या वर. मधे 11 वर्षं, आणि तू निकाल लावलास दोन फोटोंत! पी हळद नि हो गोरी म्हणतात ते हेच. तू तर फोटोही हळदीचेच काढलेस.

जुना फोटो कधी काढलास? सकाळी दहाला, खळ्यावर, उघड्या उन्हात. आणि नवा? चारला, पत्र्याच्या शेडखाली. तिथं ढिगाखाली काय अंथरलं होतं? बोल ना. निळी ताडपत्री. कडेच्या हळकुंडांवर हिरवट झाक आली म्हणून सेन्सरला शिव्या घातल्यास, पण खाली वाकून बघायची तसदी घेतली नाहीस.

आणखी ऐक. जुन्या फोटोत ढिगाशेजारी पांढऱ्या धोतरातले आजोबा बसलेत. कॅमेऱ्याला पांढरं काहीतरी दिसलं, त्याचा हिशोब बसला. नव्या फोटोत तू इतका जवळ गेलास की चौकटभर हळदच हळद. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटलं, उजेडच पिवळा आहे. त्यानं आपल्या अकलेनं निळा ओतला. हळद फिक्की झाली ती तिथं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवून रंग तपासणं म्हणजे तराजूवर बोट ठेवून वजन करणं.

वर जुना कॅमेरा 'व्हिव्हिड'वर आणि नवा 'न्यूट्रल'वर! एका भाजीत मूठभर मसाला, दुसरीत नुसतं मीठ, आणि नावं ठेवतोस कढईला. रॉ फाइल तर दोन्हीकडे नाही.

'जुन्यात सीसीडी आहे सर, म्हणून रंग खरे.' हे कुठून उचललंस? सीसीडी असो नाहीतर सीमॉस, सेन्सरच्या ठिपक्याला रंग कळतच नाही. उजेड किती पडला एवढंच तो मोजतो. रंग कळतो तो त्याच्यावरच्या फिल्टरच्या जाळीमुळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना त्या जाळीचं पेटंट 1976 साली मिळालं. दर चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. तुझ्या दोन्ही कॅमेऱ्यांत तीच मांडणी आहे. आता, त्या फिल्टरच्या छटा कॅमेऱ्यागणिक थोड्या बदलतात, आकड्यांचा रंग करणारं गणितही बदलतं. फरक असतो, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या फोटोंत तो ताडपत्रीखाली गाडला गेलाय.

आणि पिवळा रंग सोपा वाटला होय तुला? हळद निळा उजेड गिळून टाकते. त्यामुळे फोटोत निळा तळाला जातो आणि लाल वर चढतो. एक्सपोजर जरा जास्त झालं की लाल भिंतीला डोकं आपटतो. मग हळकुंडाच्या वळ्या गायब, उरतो नुसता पिवळा डाग. हिस्टोग्रॅम बघितला होतास का? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

कॅमेऱ्याची बदनामी झाली, ती कंपनी सोसेल. पण तो नवा फोटो तू मोंढ्यातल्या आडत्याला पाठवलास. तो फोनवर म्हणाला, 'माल फिक्का दिसतो.' ज्याची हळद होती त्या माणसानं ती नऊ महिने पोसली, काढली, शिजवली, वाळवली, ड्रमात घालून पॉलिश केली. आपल्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तू इथं बसून शेजाऱ्याचा माल फिका पाडलास. काल तो शेजारी माझ्याकडे आला होता. त्यानं माझ्यासमोर एक हळकुंड मोडलं. आत गडद केशरी गाभा! मला तोंड वर करून बोलवेना.

बरं, त्याच्याकडून नमुन्याला आणलेली पाच हळकुंडं कुठायत? खिडकीत? उन्हात? अरे, साडीवर हळदीचा डाग पडला की तुझी आई ती धुऊन उन्हात का टाकते? उन्हानं हळदीचा रंग उडतो, हे तिला ठाऊक आहे. तू मात्र खिडकीतली हळद समोर ठेवून पुन्हा तुलना करणार होतास.

उद्या दहाला दोन्ही कॅमेरे घेऊन ये. लेन्स एकच, तीच दोन्हींना लावायची. ट्रायपॉड आण, ग्रे कार्ड आण. ऊन तेच, जागा तीच, दोन फोटोंत पाच मिनिटांचं अंतर. व्हाइट बॅलन्स कार्डावरून हातानं लावायचा, फाइल रॉ. खाली पांढरी चादर. ताडपत्री दिसली तर तुलाच तिच्यात गुंडाळीन.

आणि आत्ता उठ. ती हळकुंडं डब्यात घाल आणि ज्याची त्याला नेऊन दे. आडत्याला फोन शेजाऱ्याच्या दारात उभा राहून कर, शेजाऱ्याला ऐकू जाईल असा.