मातीची थकबाकी

मुलुंड-भांडुपचा लालबहादूर शास्त्री मार्ग, ठाण्यातले पोखरण रोड आणि कोलशेत, पिंपरी-चिंचवडचे जुने औद्योगिक पट्टे. या भागांतले कितीतरी कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले आणि त्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. कामगारांच्या गेलेल्या नोकऱ्या, वाढीव चटईक्षेत्र, पाणी आणि रस्त्यांवरचा ताण यांवर आपण पुष्कळ बोललो. पण त्या जमिनीत कारखान्याने काय मुरवून ठेवले आहे, आणि ते काढण्याचा खर्च कोणाचा, याची चर्चा फारशी होत नाही. माझ्या मते या खर्चाचा निकाल माती कधी तपासली यावर लागतो. जमीन विकण्याआधी तपासली तर खर्च विकणाऱ्याच्या माथी बसतो. नंतर तपासली तर तो घर घेणाऱ्याच्या किंवा सरकारी तिजोरीच्या माथी जातो. तपासलीच नाही, तर ती माती उपसणारे मजूर आणि तिच्यावर खेळणारी मुले आपल्या शरीराने त्याची भरपाई करतात.

कारखाना बंद झाला, यंत्रे भंगारात गेली, शेड पाडली, की जागा मोकळी झाली असे आपण समजतो. पण रंगाच्या कारखान्यातले शिसे, प्लेटिंगच्या टाक्यांतले क्रोमियम, जुन्या साठवण टाक्यांतून गळलेले तेल यांना कारखान्याबरोबर निवृत्ती नसते. धातूच्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावक वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेले. ते पाण्यापेक्षा जड. सांडले की मुरूम ओलांडून खाली उतरते, भूजलातही तळ गाठते. आपल्याकडे मुरमाखाली दख्खनचा कातळ असतो. वरून तो अभेद्य दिसतो, पण त्याच्या सांध्यांतून आणि भेगांतूनच आपल्या विहिरींना पाणी येते. त्याच वाटेने हे द्रावकही सरकते आणि कुंपणापलीकडच्या बोअरवेलमध्ये उतरू शकते.

अशा जागेची खरी तपासणी प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ती जुन्या नकाशांपासून, परवान्यांच्या फायलींपासून आणि जुन्या कामगारांपासून सुरू होते. कोणती टाकी गळायची, पावसाळ्यात कोणत्या नाल्याचे पाणी रंगीत व्हायचे, वापरलेले ड्रम कुठे रिकामे केले जायचे, हे तिथे हयात घालवलेल्या फोरमनला ठाऊक असते. ही माहिती हाती आली की बोअर कुठे मारायचे ते ठरते. मग वेगवेगळ्या खोलीवरची माती, भूजल आणि मातीच्या पोकळ्यांतली वाफ यांचे नमुने घेतले जातात. शोध तीन गोष्टींचा असतो: विष कुठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते आणि कोणापर्यंत पोहोचते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या वापराबरोबर बदलते. काँक्रीटने झाकलेल्या गोदामाखाली जे चालून जाईल, ते बालवाडीच्या अंगणात चालणार नाही. म्हणून जमीन ‘स्वच्छ’ झाली या विधानाला ‘कशासाठी’ हे सांगितल्याशिवाय अर्थ नसतो. कोडाईकनालला हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना 2001 मध्ये बंद पडला. त्यानंतर मातीत किती पारा राहू द्यायचा यावर वर्षानुवर्षे भांडण झाले. किलोमागे 20 मिलिग्रॅम ही मंजूर झालेली मर्यादा तिथल्या कार्यकर्त्यांना फार सैल वाटली, कारण कुंपणाला लागून शोलाचे जंगल होते. ती मर्यादा ठरवताना विज्ञान आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. किती धोका पत्करायचा आणि तो कोणी पत्करायचा, हा निर्णय त्या जागेभोवती राहणाऱ्यांना विचारूनच व्हायला हवा.

आपल्याकडे इमारतीआधी माती परीक्षण होतच नाही, असे नाही. पायाच्या आखणीसाठी बोअर मारले जातात, मातीचे आणि कातळाचे नमुने पेटीत ओळीने मांडले जातात, आणि ही जमीन किती भार पेलेल याचा अहवाल तयार होतो. त्या नमुन्यांना आपण एवढाच प्रश्न विचारतो. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीतही मातीचे नमुने असतात. पण कारखान्याच्या टाक्या कुठे होत्या हे शोधून नेमके तिथेच खणणे ही वेगळी तपासणी आहे. ती न करता दोन-तीन मजली तळघराचा खड्डा खणला जातो. उपसलेली माती डंपरमधून कुठल्या तरी सखल जागेत भराव म्हणून जाते. खड्ड्यात साचलेले भूजल पंपाने गटारात सोडले जाते. माती दूषित असेल, तर एका जागेचा प्रश्न अशा रीतीने अनेक जागांचा होतो, आणि त्याचा माग काढणे कुणालाच शक्य राहत नाही.

वेळ चुकली की काय होते, याचा धडा अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहराने दिला आहे. तिथे हूकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट कालव्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळामंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असेही कलम होते. त्या जागेवर शाळा झाली, भोवती घरे झाली. 1978 मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून शेकडो कुटुंबांना हलवावे लागले आणि 1980 मध्ये अमेरिकेने दूषित जागांच्या सफाईसाठी ‘सुपरफंड’चा कायदा केला. माहिती कागदावर होती, पण तिने विकणाऱ्याचे रक्षण केले. राहणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली नाही. त्यामुळे नुसती नोंद पुरत नाही. त्या नोंदीबरोबर सफाईचे बंधनही हवे.

भोपाळची कथा अधिक जवळची आणि अधिक लाजिरवाणी आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्याची जमीन 1998 मध्ये मध्य प्रदेश सरकारकडे परत आली, आतला विषारी कचरा तसाच असताना. पुढची पंचवीसेक वर्षे जबाबदारीच्या वादात गेली. अखेर जानेवारी 2025 मध्ये 337 टन कचरा 12 कंटेनरांतून सुमारे 250 किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेला गेला. तिथल्या लोकांनी कडाडून विरोध केला, तरी जूनअखेर तो जाळून संपवला. त्यासाठी 126 कोटी रुपये केंद्र सरकारने दिले, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून गेले. आणि हा फक्त गोळा करून ठेवलेला कचरा होता. नीरी आणि एनजीआरआय या संस्थांनी 2010 मध्ये तिथल्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन असा दिला होता.

यावर विकासकांचा आक्षेप ठरलेला आहे: तपासणी सक्तीची केली तर घरे महागतील आणि जमिनी पडून राहतील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण शहरांना घरे हवी आहेत आणि बंद कारखान्यांवर ती बांधणे हे शेते आणि खारफुटी गिळण्यापेक्षा केव्हाही बरे. पण महागाई होते ती दूषितपणा उशिरा सापडल्यावर. सौद्याआधी खर्च कळला, तर विकत घेणारा तो जमिनीच्या किमतीतून वजा करील. कारखाना चालवून नफा कमावलेला मालकच मग सफाईचे पैसे देईल. लंडनने 2012 च्या ऑलिंपिकसाठी स्ट्रॅटफर्डचा सुमारे अडीच चौरस किलोमीटरचा जुना औद्योगिक पट्टा घेतला, तो तपासला, माती जागेवरच यंत्रांत धुतली, तिचा मोठा भाग तिथेच परत वापरला आणि मग बांधकाम केले. आज तिथे उद्यान आहे, वस्ती आहे.

केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, तपासणी मुदतीत व्हायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने उचलायचा, ही त्यांची दिशा योग्य आहे. पण कुणाला संशय येईपर्यंत अनेकदा इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्रही निघालेले असेल. महाराष्ट्राने म्हणून आपली एक जोड द्यावी.

त्यासाठी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही. मुंबईत बंद कारखान्याची औद्योगिक जमीन निवासी करायची, तर कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचे कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ही अट कामगार चळवळीच्या रेट्याने आलेल्या विचारातून उभी आहे: ज्यांच्या श्रमावर कारखाना चालला त्यांचे देणे बुडवून जमिनीचा नफा घेता येणार नाही. मातीचे देणेही याच न्यायाने वसूल व्हायला हवे. वापर-बदलाच्या अर्जासोबत स्वतंत्र तपासणीचा अहवाल जोडला जावा. पैसे मालकाने भरावेत, पण तपासणारी संस्था प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेमावी. सफाई कोणत्या वापरासाठी आणि कोणत्या पातळीपर्यंत झाली, ही नोंद मिळकत पत्रिकेवर आणि महारेराच्या संकेतस्थळावर कायम राहावी. उपसलेली माती कुठे गेली याचाही हिशेब त्यात असावा.

घर घेणारा माणूस आयुष्यभराची मिळकत ओतताना मालकी हक्क तपासतो, बोजा तपासतो, कोर्टकचेरी तपासतो. त्याच्या मुलांच्या पायाखाली काय आहे हे जाणण्याचा हक्कही त्याला कायद्याने मिळाला पाहिजे, आणि सौदा होण्यापूर्वीच त्याचे उत्तर देण्याची सक्ती जमीन विकणाऱ्यावर झाली पाहिजे.