‘घरी वाचा’

शेजारची एक माता परवा सायंकाळची जपमाळ आटोपून मुलीचा मोबाईल हाती घेऊन माझ्याकडे आली. “बाई, ही रात्री पांघरुणात हे वाचत असते. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. वाचू द्यावं की नाही, तुम्हीच सांगा.” मोबाईलवर ‘हार्टस्टॉपर’ ही इंग्रजी चित्रकथा उघडलेली होती. मी म्हटले, “आधी मला तर वाचू दे.”

इंग्लंडमधील ॲलिस ओझमन यांनी २०१६ साली ही कथा आंतरजालावर क्रमशः काढायला सुरुवात केली. पुढे तिची पुस्तके निघाली आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकाही आली. १४ वर्षांचा चार्ली आणि १६ वर्षांचा निक वर्गात शेजारी बसू लागतात, मैत्री जुळते, आणि निकला स्वतःच्याच मनाची ओळख पटेनाशी होते. तेव्हा तो एकटाच बसून संगणकाला विचारतो, मी समलिंगी आहे का? त्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. घरात आई आहे, शाळेत शिक्षक आहेत आणि मुलगा विचारतो तो यंत्राला!

मला माझाच वर्ग आठवला. प्रजननाचा धडा आला की, “हा घरी वाचा,” असे सांगून मी पान उलटत असे. घरी तो कोणी समजावून देणार नाही, हे मला पुरते ठाऊक होते. त्याला मी मर्यादा म्हणत असे. खरे पाहता ती माझी सोय होती. वास्तविक मुलांना त्यांच्या वयानुसार विधायक व विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले होते. पोप फ्रान्सिस यांनी ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्याची पुन्हा आठवण करून दिली, तीही नेमकी २०१६ सालीच.

विवाहाविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण आणि या कथेची प्रेमाकडे पाहण्याची दृष्टी एक नाही. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु समलिंगी आकर्षण असलेल्या व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारावे, असेही त्याच ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. आपल्या घरांत पहिली गोष्ट मोठ्या आवाजात बोलली जाते, दुसरी क्वचितच.

पुढे चार्लीचे अन्न तुटू लागते, तो मनाने खचतो. आपल्या प्रेमानेच तो बरा होईल, असे निकला वाटते. निकची आई त्याला समजावते की, हे ओझे एकट्या मुलाने पेलण्याचे नव्हे, मोठ्यांची मदत घ्यायला हवी. जी कथा मुलांना आपल्यापासून तोडील असे भय आपण बाळगतो, ती त्यांना पुन्हा वडीलधाऱ्यांच्याच दाराशी आणून सोडते. शिवाय ओझमन दोन बोलण्यांच्या मध्ये कितीतरी चौकटी शब्दाविना ठेवतात. मुलांशी बोलताना एवढी उसंत आम्हा मोठ्यांना कुठली?

शेजारणीला मी त्याआधीचा एक प्रसंग वाचायला दिला. निक आईला आपल्या मनातले सारे सांगतो. ती त्याला कवेत घेते, सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानते, आणि आपल्यापाशी हे बोलता येणार नाही असे त्याला कधी वाटले असेल तर त्याबद्दल क्षमा मागते.

तिने ते पान दोनदा वाचले. “पण बाई, त्या आईनं तर काहीच केलं नव्हतं. मग क्षमा कसली?”

उत्तर देण्याऐवजी मी तिला माझ्या त्या धड्याची हकीकत सांगितली.