पंक्तीबाहेरचे विजेते

योग्यता अंगीं असणें आणि त्या योग्यतेची जागा मिळणें या दोन गोष्टींत पुष्कळदां अंतर पडतें, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु हें अंतर दैवानें पाडलेलें नसून कोणी तरी जाणूनबुजून राखिलेलें असलें, तर त्यास अन्याय म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. ज्याच्या घरीं पंक्ति बसली आहे तो म्हणतो, "घर माझें, पाट माझे, कोणास बोलवावें हें मी ठरवीन." बाहेर उभा असलेला म्हणतो, "मला भिक्षा नको. माझी परीक्षा घ्या." दोघांचेंही म्हणणें ऐकतांना खरें वाटतें. युरोपांतील रग्बीच्या एका दुय्यम स्पर्धेच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा मानस आहे. खेळाचें उदाहरण घेण्यांत एक सोय असते. व्यवहारांत थोर कोण व सान कोण याविषयीं जन्मभर वाद घालतां येतो. खेळांत तो ऐंशी मिनिटांत मिटतो, निदान मिटावा अशी अपेक्षा असते.

रग्बी म्हणजे लांबट चेंडू हातीं घेऊन तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकविण्याचा, पंधरा-पंधरा गड्यांचा दांडगा खेळ. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स या चौघांनीं १८८३ च्या सुमारास आपसांत वार्षिक स्पर्धा सुरू केली आणि १९१० सालीं फ्रान्स त्यांना येऊन मिळाला. इंग्लंड व स्कॉटलंड दरसाल ज्या चषकासाठीं झुंजतात, तो कलकत्त्याच्या एका मोडलेल्या क्लबानें १८७८ सालीं आपल्या शिलकी रुपयांची चांदी वितळवून करविलेला आहे. त्याच्या मुठी नागांच्या असून झांकणावर हत्ती आहे. आपले रुपये त्या पंक्तींत इतक्या पूर्वीं जाऊन बसले, एवढाच काय तो आपला तिच्याशीं संबंध!

१९३१ सालीं गड्यांस गुपचूप पैसे दिल्याच्या व मैदानावरील दांडगाईच्या आरोपांवरून फ्रान्सला या पंक्तींतून उठविण्यांत आलें. उठविलेल्या फ्रान्सनें १९३४ सालीं इटली, जर्मनी, रुमानिया इत्यादि राष्ट्रें जमवून निराळी संस्था काढली. आज 'रग्बी युरोप चॅम्पियनशिप' या नांवानें जी दुय्यम स्पर्धा चालते, तिचें मूळ या संस्थेंत आहे. म्हणजे बाहेरच्यांचें घर बांधणारा हा आंतूनच बाहेर घातलेला होता. पुढें १९४७ सालीं फ्रान्स पुन्हां वर जाऊन बसला. २००० सालीं इटलीला बोलावणें आलें, पांचांचे सहा झाले, आणि दार लागलें. या सहांत जो अखेरचा येतो त्याला 'लाकडी चमचा' मिळाला असें थट्टेनें म्हणतात. पाट मात्र त्याचा हलत नाहीं.

खालच्या स्पर्धेंत तसें नाहीं. तेथें शेवटचा खालीं जातो व खालचा वर येतो. मात्र तिचा जो विजेता, त्याला वर जाण्यास वाटच नाहीं. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचें जॉर्जिया हें लहानसें राष्ट्र २०११ पासून २०२५ पर्यंतच्या पंधरा वर्षांत चौदा वेळां येथें पहिलें आलें. मध्यें २०१७ सालीं तेवढें रुमानियानें त्यास ८–७ असें एका गुणानें अडविलें. हा खेळ तेथें १९५९ च्या सुमारास आला, पण त्याची भूमि आधींच नांगरलेली होती. त्या देशांत 'लेलो बुर्ती' नांवाचा जुना ग्रामीण खेळ आहे. गुरिया प्रांतांतील शुखुती गांवीं ईस्टरच्या दिवशीं वरच्या व खालच्या वस्तीचे लोक सुमारें सोळा किलो वजनाचा चामडी चेंडू आपापल्या हद्दीकडे रेटीत नेतात, आणि जिंकणारी वस्ती तो चेंडू आपल्यांतील एखाद्या दिवंगताच्या थडग्यावर नेऊन ठेवते. वरच्यांची व खालच्यांची गांठ तेथें दरसाल पडते.

आतां पंक्तीच्या यजमानांचें म्हणणें पाहूं. पहिलें म्हणणें मालकीचें: स्पर्धा आमची, आम्हीं वाढविली. २०२१ सालीं तिचा सुमारें सातवा हिस्सा एका गुंतवणूक कंपनीस ३६ कोटी ५० लक्ष पौंडांपर्यंतच्या किमतीस विकण्यांत आला. जी वस्तु विकतां येते ती मालकीची नाहीं असें कोण म्हणेल? परंतु स्पर्धा आणि मेजवानी यांत भेद आहे. मेजवानीचा आनंद पाहुणे निवडण्यांत असतो; स्पर्धेची किंमत, तींत जो जिंकेल तो खरोखर श्रेष्ठ, या विश्वासावर उभी असते. हा विश्वास बाहेरच्यांचा पराभव न करतांच मिळालेला असेल, तर त्यांतला कांहीं भाग उसनवारीचा आहे, असें मला वाटतें.

दुसरें म्हणणें अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, "त्यांची तयारी अजून झालेली नाहीं." २०२० सालीं एका खास स्पर्धेंत जॉर्जियाला बोलाविलें, तेव्हां इंग्लंडनें त्यास ४०–० व वेल्सनें १८–० असें हरविलें, दोन सामन्यांत मिळून एक गुण नाहीं. हें खरें आहे. जुलै २०२२ मध्यें बातुमी येथें जॉर्जियानें इटलीस २८–१९ असें, आणि नोव्हेंबरांत कार्डिफ येथें वेल्सला त्याच्याच मैदानावर १३–१२ असें हरविलें, हेंही खरें आहे. पुढल्याच वर्षीं विश्वचषकांत त्यास एकही विजय मिळाला नाहीं, हें तिसरें खरें. या तिन्हींवरून तयारी झाली आहे कीं नाहीं हें सिद्ध होत नाहीं. ती पाहण्याचें साधन नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, ही म्हण आपल्याकडील पोरासही ठाऊक आहे. खुद्द इटलीचेंच पाहा. २०१५ पासून २०२२ पर्यंत तो संघ या स्पर्धेंत लागोपाठ छत्तीस सामने हरला. पुष्कळांनीं त्याला उठवा म्हणून ओरड केली. त्यानें कार्डिफ येथें २२–२१ असा विजय मिळवून ही मालिका तोडली, आणि २०२४ सालीं तर स्कॉटलंड व वेल्स या दोघांस हरवून फ्रान्सशीं बरोबरी केली. हें उदाहरण इटलीविरुद्ध देतात. मला तें इटलीच्या बाजूचें आणि म्हणूनच जॉर्जियाच्याही बाजूचें वाटतें. जागेनेंच योग्यता घडविली. (२०२४ व २०२५ या दोन्ही सालीं वेल्स एकही सामना न जिंकतां तळाशीं राहिला, परंतु तो पडला मूळ पुरुषांपैकीं, त्याच्या पाटाची चर्चा हळू आवाजांतच होते.)

पण या सर्वांहून मला रुमानियाची गोष्ट अस्वस्थ करते. १९८३ सालीं बुखारेस्ट येथें रुमानियानें वेल्सला २४–६ असें हरविलें. १९८४ सालीं, त्या वर्षाच्या स्पर्धेंत एकही सामना न हरलेल्या स्कॉटलंडला २८–२२ असें. आणि १९८८ सालीं कार्डिफमध्यें जाऊन पुन्हां वेल्सला १५–९ असें. दुसरी कोणती परीक्षा द्यावयाची राहिली होती? त्या दशकांत पंक्तींतला पाट त्यांच्यासाठीं मांडला गेला नाहीं. मग डिसेंबर १९८९ ची क्रांति आली. संघांतील नामांकित गडी फ्लोरिका मुरारियू हा तिच्या धामधुमींत गोळी लागून मेला. सैन्याच्या व पोलिसांच्या क्लबांना मिळणारा सरकारी आश्रय आटला. चांगले गडी पोटासाठीं फ्रान्सला गेले. २००० सालीं सहावा पाट मांडला गेला तेव्हां तो मागण्याची ताकद रुमानियांत उरली नव्हती. २००१ सालीं इंग्लंडनें त्यास १३४–० असें हरविलें, आणि ज्यांनीं दार उघडलें नाहीं त्यांस आपण शहाणे होतों असें वाटावयास पुरावाही मिळाला!

"थांबा, तुमची पाळी येईल," हें वाक्य ऐकावयास सौम्य आहे. पण योग्यता कांहीं तिजोरींत ठेवण्याची वस्तु नव्हे. तिला वय असतें. तिची वेळ टळूं दिली म्हणजे नाकारण्याचा ठपकाही पत्करावा लागत नाहीं. पोर्तुगालला उलट दैव भेटलें. २०१६ सालीं तिसऱ्या श्रेणींत घसरलेल्या पोर्तुगालनें जून २०१९ मध्यें फ्रँकफुर्ट येथें जर्मनीस ३७–३२ असें हरवून दुय्यम स्पर्धेंत पुन्हां जागा मिळविली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें, विश्वचषकांत ऑस्ट्रेलियास पाणी पाजलेल्या फिजीवर त्यानें २४–२३ अशी मात केली. तो एक सामना खेळावयास मिळालाच नसता तर? जर्मनी खालीं गेला, त्यास दुःख झालें असेल. पण आपणांस परीक्षा दिली नाहीं असें तो म्हणूं शकला नाहीं.

दार अरुंद असलें म्हणजे त्यापाशीं रेटारेटीही फार होते. २०१८ सालीं अपात्र गडी खेळविल्याबद्दल रुमानिया, स्पेन व बेल्जम या तिघांचे गुण कापण्यांत आले. २०२२ सालीं स्पेनला त्याच पापासाठीं विश्वचषकांतील मिळविलेली जागा गमवावी लागली. बाहेर उभे राहणारे सारे साधु असतात असें मीं म्हटलेलें नाहीं.

तसेंच आंतल्यांची भीतिही खोटी नाहीं. इटली एकदां खालीं गेला तर त्याचे पैसे आटतील, शाळांतून पोरें दुसऱ्या खेळाकडे वळतील, आणि तो रुमानियाच्या वाटेनें जाईल, ही धास्ती रास्त आहे. म्हणून कोणाचा पाट ओढून घ्यावा असें माझें म्हणणें नाहीं. कोणासही जागेचा जन्मसिद्ध हक्क नाहीं; जॉर्जियालाही नाहीं आणि वेल्सलाही नाहीं. परंतु परीक्षेचा हक्क सर्वांस आहे. वरच्या सहांतील शेवटचा आणि खालचा पहिला यांचा दरसाल एक सामना, हवा तर वरच्याच्या घरच्या मैदानावर, इतकें मागणें भिक्षेंत मोडत नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें खेळाच्या जागतिक संस्थेनें नवी व्यवस्था ठरविली. २०२६ पासून बारा राष्ट्रांची वरची श्रेणी: तीं सहा युरोपीय, दक्षिण गोलार्धांतील चार, आणि जपान व फिजी. खालीं आणखी बारांची दुसरी श्रेणी. दोहोंत चढउतार सुरू व्हावयाचा तो २०३० पासून. नोव्हेंबर २०२२ मध्यें कार्डिफ येथें वेल्सला हरविणाऱ्या जॉर्जियाच्या संघांत जो गडी पंचविशींत होता, तो त्या वर्षीं तेहतिशींत असेल. जो तिशींत होता, त्याचें खेळणें तोंवर बहुधा संपलेलें असेल.