पुलावरचे नाव आणि पायातली माणसे

मंठ्याला रेल्वे नाही. आम्हां मंठेकरांना आगगाडी धरायची तर परतूर गाठावे लागते. मनमाडहून जालना, परतूर, परभणीकडे जाणारा हा मार्ग निजामाच्या राजवटीत, 1900 च्या सुमारास सुरू झाला. गाडीत बसलेला माणूस नदी आली की खिडकीतून पाणी बघतो, पूल बघत नाही. पूल शाबूत असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही; तो पडला की सगळ्यांच्या तोंडी होतो. म्हणूनच पूल हा केवळ गणिताचा विषय नाही, नीतीचाही आहे, असे आम्हांला वाटते. पूल बांधला कोणी, आणि पडला तर जबाबदार कोण? न्यायाने पाहिले तर या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असायला हवे. व्यवहारात ते तसे नसते.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. जेम्स जॉन बर्कली हा इंग्रज अभियंता 1819 साली जन्मला. रॉबर्ट स्टीफन्सन या नामवंत अभियंत्याच्या हाताखाली तो तयार झाला आणि 1850 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून मुंबईत उतरला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली गाडी धावली. पुढल्याच वर्षी ठाण्याच्या खाडीवर पूल उभे राहिले. मग आला भोर घाट. सुमारे 25 किलोमीटरची चढण, 25 बोगदे, खोल दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल, आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट असा खडा चढ. 1856 साली सुरू झालेले हे काम 1863 साली पुरे झाले. बर्कलीला ते पाहणे नशिबी नव्हते. प्रकृती ढासळून तो मायदेशी परतला आणि ऑगस्ट 1862 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी वारला. त्याने या कामासाठी जीव झिजवला, हे कबूल केलेच पाहिजे.

पण घाटात झिजलेला जीव त्याचा एकट्याचा नव्हता. 1861 च्या सुमारास तिथे 42 हजारांवर मजूर राबत होते. सुरुंग, कोसळणाऱ्या दरडी, ताप आणि पटकी यांनी माणसे मेली. या घाटात मेलेल्यांची संख्या काही इतिहासकारांच्या अंदाजाने वीस हजारांच्या वर जाते. 1859 च्या जानेवारीत मजुरीवरून दंगा झाला, त्यानंतर पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत आजाराने दगावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही, काम पूर्णत्वाला नेले. अभियंत्याचे नाव राहिले, ठेकेदाराचे राहिले, ठेकेदाराच्या विधवेचेही राहिले. मजुरांच्या वाट्याला फक्त एक अंदाज आला.

आता जरा दूर, जर्मनीत जाऊ. तिथल्या सॅक्सनी प्रांतात ग्योल्च नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यावर 1846 ते 1851 या काळात विटांचा एक रेल्वेपूल बांधला गेला. उंची 78 मीटर, लांबी 574 मीटर, आणि विटा 2 कोटी 60 लाखांवर. आराखड्यांसाठी इनाम जाहीर झाले, 81 आराखडे आले. पण आपला पूल गाडीचे ओझे पेलेल हे एकालाही हिशेबाने सिद्ध करता आले नाही. तेव्हा समितीचे प्रमुख योहान आंद्रेआस शुबर्ट यांनी स्वतः गणित मांडले आणि निरनिराळ्या आराखड्यांतले चांगले ते घेऊन नवा आराखडा तयार केला. हे शुबर्ट गरीब घरात जन्मलेले आणि ड्रेस्डेनच्या तंत्रशाळेत शिकवणारे. शिक्षक म्हणून आम्हांला त्यांचा अभिमान वाटतो. डोळ्यांना भक्कम दिसते म्हणून ते भक्कम मानायचे नाही, हिशेब मागायचा, हा धडा त्यांनी घालून दिला.

पण त्या पुलाबद्दल आम्हांला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे मजूर मेले, त्यांचा आकडा 31 असा सांगितला जातो. भोर घाटाचा आकडा हजारांत आहे आणि तोही अंदाजाने. एकतीस मृत्यू काही कमी दुःखाचे नाहीत. पण एकतीस म्हणायला कोणीतरी एक, दोन, तीन असे मोजावे लागते. ‘वीस हजारांवर’ म्हणताना कोणालाच मोजलेले नसते. ज्याला जिवंतपणी मोजले नाही, त्याला मेल्यावर कोण मोजणार?

इथे कोणी म्हणेल, हजारो हात तर सगळीकडेच असतात. डोके एखाद्याचेच असते. बर्कली नसता तर ते हात घाटात काय करणार होते? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. हिशेब करणे हेही श्रमच आहेत. ज्ञानाची कदर करू नका, असे शिक्षकाने सांगायचे तर शाळा कशाला चालवायची? आमचे म्हणणे एवढेच की, नावाचा मान घेणाऱ्याने दोषाचे ओझेही घ्यावे. 1867 च्या जुलैत भोर घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, आणि त्या काळात या रेल्वेचे आणखी कितीतरी दगडी पूल नव्याने बांधावे लागले. बाहेरून घडीव दगड, आत कच्चे भरण, अशा बांधकामाची चर्चा झाली. अशा वेळी ‘गवंड्याने काम नीट केले नाही’ हे वाक्य किती सहज तोंडी येते! पूल उभा असताना जो गवंडी कोणाला आठवत नाही, तो पूल पडताच आठवतो. श्रेय वर चढते आणि दोष खाली उतरतो. आमच्या मते अन्याय नेमका इथे आहे.

आपल्याकडे अमानत हा एक सुंदर शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू जशीच्या तशी सांभाळायची, ती अमानत. पुलाच्या खांबाच्या पोटातला चुना कोणाला दिसत नाही. तो अमानत आहे. तो गवंड्याच्या हाती आहे हे खरे, पण त्याला पुरेसा चुना, पुरेसा वेळ आणि पुरी मजुरी देणे हे वरच्यांच्या हाती आहे. मजुरीत काटछाट करणाऱ्याने भिंतीत इमानदारी शोधू नये. आणि मजुराचा जीव, तो तर चुन्याहून मोठी अमानत.

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच संपला असता तर आम्ही लिहिलेच नसते. 8 मे 2020 रोजी टाळेबंदीत जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशचे 16 कामगार करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली चिरडले गेले. हा आमच्याच परतूरला येणारा मार्ग. 1 ऑगस्ट 2023 रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना यंत्र कोसळून 20 जण गेले. आकडे आम्हां सगळ्यांना पाठ आहेत. त्यांतले एक नाव सांगा म्हटले तर आपण गप्प होतो. आमच्या तालुक्यातूनही ऊसतोडीला, बांधकामाला माणसे जातात. दिवाळीनंतर वर्गातली हजेरी घेताना कोण कोण आईबापांबरोबर गेले ते आम्हां शिक्षकांना कळते. हजेरीत नाव पुकारले जाते, म्हणूनच मूल नसल्याचे कळते. ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्याचे नसणेही कोणाला जाणवत नाही.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. गावात पूल होवो, शाळेची खोली होवो की मशिदीचा मिनार. उद्घाटनाच्या फलकावर पाहुण्यांची नावे खुशाल असू द्या. त्यांच्याखाली दोन ओळी गवंड्यांच्या, मजुरांच्या असाव्यात, आणि ज्याने हिशेब तपासला त्याची सहीही असावी. दगडावर चार नावे जास्त कोरायला फारसा खर्च येत नाही. फलकावर आपले नाव येणार हे ठाऊक असलेला माणूस आतले भरण कच्चे ठेवायला कचरेल. आणि काम करताना कोणी दगावलाच, तर त्याच्या मुलाला बाप कुठल्या कामावर गेला ते त्या दगडावर वाचता येईल. निदान त्या वाचण्यापुरते तरी आम्ही त्याला शाळेत शिकवलेले असेल.