न बोलणारे गुरू

दत्तभक्तहो, यदुराजाने एका तरुण अवधूताला विचारलेला प्रश्न आपल्या ऐकण्यातला आहे. घर नाही, धन नाही, माणसांचा गोतावळा नाही, तरी हा एवढा आनंदात कसा? श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात हा संवाद येतो. नाथमहाराजांनी त्यावर मराठीत विस्ताराने टीका लिहिली, म्हणून तो आपल्या पारायणांपर्यंत पोहोचला. उत्तरात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांचा क्रम जरा नीट पाहावा. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती. पहिल्या तेरा गुरूंत माणूस एकही नाही! चौदावा मध गोळा करणारा, तिथे पहिला माणूस भेटतो.

असं का असावं? मला वाटतं, आपला अहंकार माणसांसमोर सहसा उतरत नाही. कोणी चांगलं सांगायला आलं, की हा कोण मला शिकवणार, असं मन आधी म्हणतं. पण गिरनारच्या कड्याशी वाद कसा घालणार? सुमारे १०,००० पायऱ्यांची ती वाट. २०२० साली रोपवे झाला, पण तो अंबामातेच्या टुकापर्यंतच. पुढे दत्तशिखराला पायांनीच जावं लागतं. तिथे श्रीमंताचाही दम लागतो आणि गरिबाचाही. वर उभं राहून खाली पाहिलं की आपलं गाव, घर, भाऊबंदकी, सगळं केवढं लहान! आधी थक्क होणं, मग नम्र होणं आणि मग शांत होणं, हा क्रम आहे. शांती डोंगरात साठवून ठेवलेली नसते. ‘मी’चं ओझं थोडा वेळ खाली ठेवलं, म्हणून हलकं वाटतं, इतकंच.

आता इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. पाणी गुरू आहे म्हणता, मग पुराचं काय? नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतं, उत्तरेच्या दारातून देवळात शिरतं, श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या वेळी दक्षिणद्वाराशी स्नान करायला लोक लांबून येतात. पण ऑगस्ट २०१९ मध्ये याच नद्यांनी कोल्हापूर-सांगली भागात घरं बुडवली, गोठ्यातली जनावरं गेली. ज्याची म्हैस वाहून गेली त्याला कोणी सांगावं, की बाबा रे, नदी तुझी गुरू आहे?

सांगू नये. त्याच्या घरातला गाळ काढायला जावं, हेच त्या वेळचं उत्तर. अवधूताने निसर्गाला गोड म्हटलेलं नाही. त्याच्या गुरूंत जाळणारा अग्नी आहे आणि पिलांच्या मायेपायी जाळ्यात सापडलेला कपोतही आहे. निसर्ग आपल्या सोयीसाठी नाही, हे कळणं हीच खरी नम्रता. वाडीच्या रीतीतही हे शहाणपण आहे. पाणी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या देवळात हलवतात. नदीला अडवत नाहीत, तिला वाट देतात. देव जागा सोडतो, आणि आपण मात्र नदीच्या पोटात भराव टाकून बंगला बांधतो!

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे गुडघे आता गिरनार म्हणत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. देवळामागचा औदुंबर तर जवळ आहे ना? प्रदक्षिणा आपण मोजून घालतो, आकडा चुकू देत नाही. एखाद्या दिवशी नुसतं त्याच्याखाली बसावं. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात. ते असतं, फळाच्या पोटात असतं, आणि चिलटाएवढे कीटक आत शिरून त्याचं काम चालू ठेवतात. फळं धरतात तीही खोडालाच, शेंड्यावर मिरवायला नाहीत. पाखरं, वटवाघळं, खारी, ज्याला हवं त्याने खावं. एवढं मोठं दान, पण फूल कोणाला दाखवलं नाही. आपण देवळाला पंखा दिला तरी त्याच्या पात्यांवर नाव घालतो.

तेव्हा झाडाखाली मिळालेली शांती खरी की नुसती घटकाभराची, हे कसं ओळखायचं? घरी आल्यावर ओळखावं. सुनेने चहा उशिरा दिला तेव्हा, भावाने बांध कोरला तेव्हा. पावसाळ्यात नद्या भरून आल्या म्हणून समुद्र माजत नाही, उन्हाळ्यात आटल्या म्हणून सुकत नाही, असं अवधूत सांगतो. तेवढं नाही, पण त्यातलं चमचाभर जरी आपल्यात उतरलं, तरी यात्रा घडली म्हणायची.

आणि गुरू मानलं तर गुरूशी वागावं तसं वागावं. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट संगमात टाकून वर हात जोडणं, ही कसली गुरुभक्ती? या जयंतीला पाळणा झाल्यावर, प्रसादाची पानं-द्रोण उचलताना, नदीकाठचा कचराही चार हातांनी उचलू या. न बोलणाऱ्या गुरूला दक्षिणा द्यायची ती अशीच.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥