पाय चालत नाहीत त्यांची वारी

आषाढी जवळ आली की आमच्या खानदेशात जो तो विचारतो, "काय बुवा, यंदा निघायचं ना?" कोथळीहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात निघते ती बुलढाणा, जालना, बीड करीत महिन्याहून अधिक दिवसांनी पंढरीस पोचते. त्या वाटेने मी पुष्कळ वर्षे गेलो. गेली ३ वर्षे मात्र ओट्यावर बसून आहे.

मधुमेहाने पायांच्या नसा बाधल्या. रात्री तळव्यांत निखारे ठेवल्यासारखी आग होते, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. आणि नवल असे की, त्याच तळव्यात काटा रुतला तर कळत नाही! डॉक्टर म्हणाले, नसच बिघडली की ती जखम नसताना दुखल्याची वर्दी देते आणि जखम असताना गप्प बसते. तेव्हा अनवाणी चालणे बंद. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी ही आग फारशी शमत नाही. नसांची औषधे निराळी असतात, ती घेतो. थोडा उतार पडतो, एवढेच.

बाहेरून पाय धडधाकट दिसतात. म्हणून कोणी म्हणतो, बुवांचा भाव आटला. कोणी समजूत घालतो, "प्रारब्धाचा भोग आहे, भोगून संपवा."

सज्जनहो, प्रारब्ध मी नाकारीत नाही. माझ्या दुखण्याला मीच भोग म्हटले तर त्रागा कमी होतो, नामात मन बसते. पण तोच शब्द दुसऱ्याने अंगावर टाकला की त्याचा धोंडा होतो. टाकणारा मोकळा होतो. पाणी आणून देणे, घटकाभर जवळ बसणे राहूनच जाते. शिरपूरकडच्या एका माउलीला हीच व्यथा आहे. ती म्हणाली, "बाप्पा, मना पाय आते मना राह्यनात नही, पन लोके म्हन्तस सोंग करस." तिला भोगाचे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पूर्वी मात्र खुशाल रेटत असे. आमच्या दिंडीत पारोळ्याकडचे एक वृद्ध होते. पाय जळतात म्हणत आणि सारखे मागे पडत. "बाबा, भोग आहे, नाम घ्या," असे सांगून मी त्यांना एका मुक्कामावर सोडले आणि पुढे निघालो. टाळ सोडून त्यांचे तळवे एकदाही पाहिले नाहीत.

कूर्मदासांची कथा आपण सारे जाणतो; महिपतींनी ती भक्तविजयात सांगितली आहे. हातपाय नसलेले ते भक्त पैठणाहून सरपटत निघाले आणि लऊळपर्यंत आले. एकादशी तोंडावर, पुढे जाणे शरीराला शक्य नाही. तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला, आणि देव भेटीस आला. कीर्तनात आपण देवाच्या त्या येण्यावर रंगतो, मीही रंगलो. हल्ली मला निरोप नेणारा वारकरी दिसतो. त्यालाही एकादशी गाठायची होतीच की! तरी तो थांबला, खाली बसून त्याने ऐकून घेतले असेल, नाहीतर निरोप पोचता कसा? आणि कूर्मदासांनीही आपले न पोचणे लपविले नाही. येथून पुढे होत नाही, असे सरळ कळविले.

यंदा पायांत मऊ जोडे घालून एस.टी.ने पंढरीस जाईन म्हणतो. तिला वारी म्हणायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. ते वृद्ध आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा पारोळ्याकडेच शेती करतो. पंढरीच्या आधी त्याच्याकडे जाऊन यायचे आहे.